शिक्षणमंत्री साहेब, पालक सभेत पालकांना मोबाइल शिकवा

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांना सादर नमस्कार.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी कंपन्यांना पालकांची खात्रीशीर संमती घ्यावी लागणार आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही निघाले. कायदा गरजेचाच होता. पण आमच्या अमळनेर, पारोळा, चोपडा भागातल्या घरांत ही संमती देणार कोण? फोन बापाचा, पण त्यातलं अकाउंट पोरानेच काढलेलं. पासवर्ड त्यालाच ठाऊक, यूपीआयचा पिनसुद्धा. आई म्हणते, "पोऱ्याले समजस, माले काय समजी?" उद्या 'पालकांची परवानगी हवी' असं स्क्रीनवर आलं, तर ते बटणही पोरगंच दाबेल.

मी तालुक्यात संगणकाचे वर्ग घेते. पालक माझ्याकडे फोन घेऊन येतात आणि "काहीतरी बंद करून द्या" म्हणतात. त्यांना गुगलचं फॅमिली लिंक, म्हणजे मुलाच्या फोनवर पालकांनी मर्यादा घालायचं अॅप, दाखवलं की पहिली अडचण तिथेच येते. ते चालायला मुलाचं वेगळं अकाउंट लागतं, आणि मुलाचा फोनही वेगळा असेल हे त्यात धरलेलं आहे. आमच्याकडे चार माणसांत एक फोन. अशा फोनवरही बरंच करता येतं. प्ले स्टोअरमध्ये वयाची मर्यादा घालून तिला पिन लावता येतो. यूट्यूबचा प्रतिबंधित मोड सुरू करता येतो. अॅप पिन केलं की अभ्यासाला दिलेला फोन त्या एकाच अॅपवर अडकून राहतो. सेटिंगमधल्या खासगी डीएनएसमध्ये (फोनला साइट शोधून देणारी सेवा) नको त्या साइट अडवणाऱ्या, कुटुंबासाठीच्या सेवेचा पत्ता टाकला, तर पुष्कळशा अश्लील साइट उघडतच नाहीत. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. शेजारी बसून, बोट धरून कुणीतरी दाखवावं मात्र लागतं.

हे शाळेतच व्हावं, अशी माझी मागणी आहे. शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळा सोडून बाकी शाळांत व्यवस्थापन समिती दिली आहे, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. सरकारला नवी योजना काढायची गरजच नाही. पालक सभेत तासभर राखून ठेवा, पालकांना स्वतःचा फोन आणायला सांगा आणि सभा संपेपर्यंत प्रत्येकाच्या फोनमध्ये ही सेटिंग झालेली असू द्या. भाषण नको. अहिराणीत समजावणारा शिक्षक असेल तर त्यालाच पुढे करा, नंदुरबारच्या पाड्यांवर भिली, पावरी बोलणारा. आणि सभा सकाळी अकराला ठेवू नका. दिवाळीच्या पुढेमागे कापूस फुटलेला असतो, बाया दिवस बुडेपर्यंत वेचणीवर असतात. त्या काळात सभा संध्याकाळीच घ्यावी लागेल.

दुसरी गोष्ट शाळांच्याच हातची आहे. कोरोनाच्या काळात गृहपाठ व्हॉट्सअॅपवर आला, तो अनेक ठिकाणी अजून तिथेच आहे. पाचवीच्या मुलाला गृहपाठ बघायला फोन द्यावाच लागत असेल, तर वेळेची मर्यादा आईने घालायची कशी? गृहपाठ वहीत द्या, असा स्पष्ट आदेश निघायला हवा. शाळेतल्या संगणक कक्षातही मुलं प्रशासकाच्या, म्हणजे संगणकात काहीही बदलता येणाऱ्या, खात्यानेच बसतात, हे मी पाहिलं आहे. विद्यार्थ्यांचं साधं खातं वेगळं काढायला एक दुपार पुरते.

एका बाबतीत मात्र मला काळजी वाटते. नियंत्रण म्हटलं की आमच्याकडे आधी मुलीच्या हातातला फोन जातो, मुलाला कुणी विचारत नाही. असं होणार असेल तर हे शिक्षण न दिलेलंच बरं. पालकांना सांगायला हवं की मर्यादा दोघांना सारखी, मुलांना सांगून घातलेली, आणि वय वाढेल तशी सैल होणारी असावी. नववीतल्या मुलीचे मेसेज चोरून वाचले, तर कुणी फोटोवरून धमकावल्यावर ती घरी तोंड उघडणार नाही. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक त्याच सभेत तिच्याही कानावर पडायला हवेत.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत आधी करून पाहा. येत्या जूनमध्ये शाळा उघडल्यावरची पहिली पालक सभा यासाठी द्यावी, असं परिपत्रक आपण उन्हाळी सुट्टीतच काढावं, ही विनंती. आमच्या तालुक्यातल्या शाळांत शिकवायला मी विनामोबदला येईन.

आपली विश्वासू,
एक संगणक शिक्षिका
ता. अमळनेर, जि. जळगाव