सीझन तिकीट म्हाताऱ्यापोरांनाही परवडू द्या

संपादक साहेब, नमस्कार. मी सांगलीचा, विश्रामबागला राहतो. फुटबॉलचं वेड वडिलांकडनं आलंय, ते मला लहानपणी एसटीनं कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर मॅच बघायला न्यायचे. गेल्या वर्षी एका स्पर्धेला निघालो तर आठ वर्षांच्या पोरालाही फुल तिकीट आणि सत्तरीच्या वडिलांनाही तेवढंच, तिघांचा खर्च बघून वडील म्हणाले तुम्ही दोघं जावा, मी घरीच थांबतो. ते मनाला लई लागलं.

इंग्लंडमध्ये 2016 च्या फेब्रुवारीत लिव्हरपूल या फुटबॉल क्लबनं पुढच्या सीझनसाठी एका मॅचचं 77 पौंडांपर्यंतचं तिकीट जाहीर केलं तेव्हा हजारो लोक चालू मॅचमध्ये 77 व्या मिनिटाला ॲनफिल्ड या त्यांच्या मैदानातनं उठून बाहेर गेले आणि मालकांना माफी मागून तो दर मागं घ्यावा लागला. त्याच वर्षी प्रीमियर लीगनं, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगनं, बाहेरगावच्या टीमच्या समर्थकांना 30 पौंडांच्या वर तिकीट लावायचं नाही असं ठरवलं. जर्मनीत डॉर्टमुंड क्लबच्या मैदानावर तर गोलमागच्या एकाच स्टँडमध्ये जवळपास 25 हजार लोक उभं राहून मॅच बघतात, बसायच्या जागेपेक्षा ते तिकीट स्वस्त.

आपल्याकडंही सीझन पास, म्हणजे सगळ्या सीझनच्या मॅचचं एकच तिकीट, काढा की, शाळेच्या पोरांना नाममात्र, कॉलेजवाल्यांना आणि म्हाताऱ्यांना अर्धा दर, आणि पैसे हप्त्यानं घ्या, ऊसबिल यायच्या आधी शेतकऱ्याच्या पोराकडं एकदम रक्कम कुठनं येणार? पुढच्या सीझनला मला तीन पास काढायचेत, पहिला वडिलांचा.

एक फुटबॉलप्रेमी, सांगली