हाताच्या नियमात सूट नको, पण हेटाळणीही नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तिरुअनंतपुरमच्या सरकारी मेडिकल कॉलेजची जून २०२३ मधली बातमी अजूनही मधूनमधून कोणीतरी नव्याने फिरवतं आणि मग तोच वाद परत पहिल्यापासून सुरू होतो. सात मुस्लिम विद्यार्थिनींनी प्रिन्सिपल मॅडमना पत्र दिलं होतं की ऑपरेशन थिएटरमध्ये हिजाब घालता येत नाही, तर आम्हाला पूर्ण बाह्यांचं स्क्रब जॅकेट (थिएटरमध्ये घालायचं) आणि सर्जिकल हूड (डोकं-मान झाकणारी टोपी) वापरू द्या. मॅडमनी कोपरापर्यंत हात धुवावेच लागतात हे त्यांना समजावलं, कमिटी नेमून बघू म्हणाल्या, आणि डॉक्टरांच्या संघटनेनेही थिएटरचे नियम पेशंटसाठी असतात ते पाळलेच पाहिजेत असं सांगितलं. एवढीच गोष्ट. पण त्यावर जे बोललं गेलं ते ऐकवत नाही, एकीकडे "मग डॉक्टर व्हायला कशाला येता" आणि दुसरीकडे "आमच्या धर्मावर घाला". मी सोलापुरात आयुष्यभर सिस्टर म्हणून काम केलंय, शेवटची बरीच वर्षं इन्फेक्शन कंट्रोलचं, म्हणजे हॉस्पिटलात जंतू पसरू नयेत हे बघायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे हे पत्र लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आधी त्या मुलींनी मागितलं काय ते बघा, कारण फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी थिएटर आतून बघितलेलं असतं. हूडला काहीच अडचण नाही. सांधे बदलायच्या ऑपरेशनला डॉक्टर हूड घालतात, दाढीवाले सरदारजी डॉक्टर घालतात, आणि नुसत्या टोपीपेक्षा त्यात केस जास्त नीट झाकले जातात. प्रश्न आहे बाहीचा. ऑपरेशनला उभं राहायचं तर आधी स्क्रब, म्हणजे नळाखाली बोटांच्या टोकापासून थेट कोपरापर्यंत, हात कोपरापेक्षा उंच धरून, पाणी बोटांकडून कोपराकडे वाहिलं पाहिजे, उलटं आलं की परत पहिल्यापासून. तिथे बाही असली तर ती भिजणार आणि भिजलेली बाही मनगटावर उतरली की केलेलं सगळं वाया. यात सूट मागणाऱ्याला सूट मिळू नये हे माझं स्पष्ट मत आहे. पण त्यानंतर जो निर्जंतुक गाऊन चढवतात तो पूर्ण बाह्यांचाच असतो, मनगटाशी घट्ट, आणि वरून ग्लोव्हज. म्हणजे हात उघडे राहतात ते स्क्रबपासून गाऊनपर्यंत, काही मिनिटं. आणि जी मुलगी स्क्रब न होता लांब उभी राहून नुसतं बघतेय तिने थिएटरच्याच कपाटातलं धुतलेलं जॅकेट घातलं तर काय बिघडलं, अमेरिकेतल्या कितीतरी थिएटरमध्ये स्क्रब न झालेला स्टाफ असं जॅकेट घालतो. राहता राहिली ती काही मिनिटं. त्यासाठी बेसिनला एक आडोसा करून द्यायला किती खर्च येतो? पण हे विचारायला कोणी थांबलंच नाही.

आमच्याकडे एक मुस्लिम सिस्टर होती, अतिशय नेटकी, तिच्या वॉर्डात मला कधी बोट दाखवायला जागा मिळाली नाही. ती नव्या मुलींना सांगायची, अगं नमाजाआधी वजू करताना आपण कोपरापर्यंतच हात धुतो की, दिवसातून पाच वेळा, अंगठी घट्ट असली तर ती फिरवून खाली पाणी पोचवतो, नेलपॉलिश असलं तर वजू होत नाही म्हणून काढतो, मग हॉस्पिटल वेगळं काय मागतंय? मला हे फार पटायचं. धुण्याला कोणाचाच धर्म नाही म्हणत नाही. अडचण असते ती चारचौघात, परक्या पुरुषांसमोर हात उघडे करायची, आणि ती अडचण खोटी नाही, आपल्या आज्यांनाही डोक्यावरचा पदर खाली पडला तर असंच व्हायचं.

ब्रिटनमध्ये हे सगळं आपल्या आधी होऊन गेलंय. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेने २००७ मध्ये नियम आणला की पेशंटला हात लावणाऱ्याचे हात कोपराखाली मोकळे पाहिजेत, घड्याळ नाही, लांब बाह्या नाहीत, साध्या लग्नाच्या अंगठीशिवाय दागिना नाही. २००८ मध्ये लिव्हरपूल, लेस्टर, शेफील्ड इथल्या काही मुस्लिम विद्यार्थिनींनी हरकत घेतली, पेपरात खूप गाजलं. मग २०१० मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने सुधारित सूचना काढल्या. पेशंटजवळ नसताना बाही खाली ठेवा, पेशंटकडे जाताना वर करा. ज्यांना हात उघडे ठेवायचेच नाहीत त्यांना एकदाच वापरून फेकायच्या बाह्या, कोपराला आणि मनगटाला इलास्टिक असलेल्या, पण त्या घालायच्या-काढायच्या ग्लोव्हजसारख्याच, प्रत्येक पेशंटला नवीन, आणि हात धुणं तसंच. शिखांचं कडं वर दंडाकडे सरकवून पक्कं करायचं. हात धुण्यातलं तसूभरही कमी केलं नाही, आणि कोणाला घरी बसवलं नाही. खरं सांगायचं तर बाहीमुळेच इन्फेक्शन पसरतं याचा पुरावा तितका भक्कम नाही, हे त्यांच्याच खात्याने मान्य केलं होतं. अंगठीचं तसं नाही, अंगठीखालच्या कातडीवर जंतू जास्त असतात हे तपासून बघितलेलं आहे. बाही वर असली की मनगट नीट धुतलं जातं हे मात्र कुठल्याही वॉर्डात उभं राहून दिसतं.

दुसरी हरकत हँडरबमधल्या, म्हणजे हाताला चोळायच्या सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलची. २०२० मध्ये लॉकडाऊननंतर देवळं-मशिदी उघडायची वेळ आली तेव्हा भोपाळच्या एका पुजाऱ्यांनी मंदिरात अल्कोहोलवालं सॅनिटायझर नको म्हटलं, पुढे बरेलीहून मशिदीबद्दल तेच आलं. म्हणजे हे एकाच धर्माचं आहे असं कोणी समजू नये. मंदिर-मशिदीत साबण-पाणी ठेवलं की विषय संपतो. वॉर्डात मात्र नाही संपत, कारण एका सिस्टरकडे तीस-पस्तीस पेशंट, नळ एका टोकाला, साबणाने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद आणि हँडरबला २० ते ३०, तेही बेडपाशीच. बाटली हाताशी नसेल तर हात धुतलेच जात नाहीत, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मक्केच्या मुस्लिम वर्ल्ड लीगच्या विद्वानांनी २००२ मध्येच सांगितलंय की जखम पुसायला, जंतू मारायला, अंगाला लावायच्या मलमात अल्कोहोल चालतं, आणि सौदी अरेबियातली मोठमोठी हॉस्पिटलं हँडरब वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हात-स्वच्छतेच्या मार्गदर्शनात धर्म आणि संस्कृतीवर वेगळं प्रकरण आहे, त्यात हे सगळं दिलंय. आमच्याकडे एका वॉर्डबॉय मामांना हे कितीही सांगून पटेना, रमझान चालू होता, मग त्यांच्याच मोहल्ल्यातल्या मौलानांना विनंती केली, ते आले, बाटली हातात घेतली, वास घेतला, हे प्यायचं आहे का असं विचारलं, आणि सगळ्यांसमोर हाताला चोळून दाखवलं. त्यानंतर मामांनी कधी हरकत घेतली नाही. मी तास न् तास बोलून जे झालं नसतं ते त्या माणसाने दोन मिनिटांत केलं, त्यांचे उपकार आहेत. (जुलाबाच्या काही पेशंटना, सी डिफिसिलसारख्या जंतूंना, हँडरब पुरत नाही, तिथे साबण-पाणीच लागतं, हेही लिहून ठेवते कारण नुसतं चोळून मोकळं व्हायची सवय लागलीय सगळ्यांना.)

आता आपल्याकडे या. संपादक महोदय, मी इतकी वर्षं हाताच्या नियमासाठी ज्यांच्याशी हुज्जत घातली त्यात हिजाबवाल्या मुली फार कमी होत्या. सगळ्यात जास्त हुज्जत झाली ती बांगड्यांवरून, लाल धाग्यावरून आणि अंगठ्यांवरून, म्हणजे तुमच्या-माझ्या घरातल्यांशी. नवीन लग्न झालेली सिस्टर हातभर हिरवा चुडा घालून ड्युटीवर येते, काढ म्हटलं की डोळ्यात पाणी, सासूबाई म्हणतात भुंड्या हातांनी घराबाहेर पडायचं नाही. तिला रागावून काय होणार, तिच्यासाठी ते सौभाग्याचं लेणं आहे. पण ड्रेसिंग करताना काचेची बांगडी चटकन वाढते आणि काचेचा बारीक तुकडा पेशंटच्या चादरीत जातो हेही खरं आहे. राखीपौर्णिमेनंतर तर विचारू नका, स्पंजच्या, मण्यांच्या राख्या बांधलेले डॉक्टर आणि ब्रदर गणपती येईपर्यंत त्या काढत नाहीत, बहिणीने बांधलीय म्हणतात. आणि तो देवळातला लाल धागा! दिवसात पन्नास वेळा ओला होतो, कधीच पूर्ण वाळत नाही, मी एका रेसिडेंटच्या मनगटावरचा कात्रीने कापला तेव्हा खालची कातडी पांढरी पडून सोललेली होती आणि धाग्याला कुबट वास येत होता, आणि त्याच हाताने तो सकाळपासून कॅथेटर घालत होता. तो धागा नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या बेंबीला घासतो तेव्हा आपल्याला धर्म आठवत नाही, आणि केरळच्या मुलीने जॅकेट मागितलं की एकदम विज्ञान आठवतं, हे मला पटत नाही. विज्ञान असेल तर सगळ्यांच्या मनगटाला असलं पाहिजे.

मोठ्या डॉक्टरांचं तर बोलायचीच चोरी. पुष्कराज, नीलम, पोवळं, दोन-दोन बोटांत अंगठ्या, राऊंडला आले की त्याच हाताने या बेडवरून त्या बेडवर, आणि इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरने अंगठी म्हटलं की "सिस्टर, मला शिकवू नका". १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी बाळंतिणींच्या वॉर्डात डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले, १८ टक्क्यांच्या वर गेलेले मृत्यू दोन महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आले, तरीही डॉक्टर मंडळींनी त्यांचं ऐकलं नाही, आमचे हात घाण कसे असतील म्हणून. ती धर्माची हरकत नव्हती, मानपानाची होती, आणि माझ्या अनुभवात आजही हात धुण्याच्या आड धर्मापेक्षा मानपान जास्त येतो. स्टाफ वरच्यांकडे बघत असतो. सरांची अंगठी दिसते तोवर मावशींच्या पाटल्या निघणार नाहीत.

नातेवाइकांचंही तेच. नवजात बाळांच्या आयसीयूमध्ये आजी येते, पदरात अंगारा बांधलेला, बाळाच्या कपाळाला लावायचा असतो, बाळ किलोभराचं. पूर्वी आम्ही नाही म्हणायचो, मग त्या गपचूप लावायच्या, हात न धुता. नंतर आम्ही आजींना सांगायला लागलो, आधी कोपरापर्यंत हात धुवा, मग अंगाऱ्याची पुडी या छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आम्ही ती बाळाच्या पेटीला बाहेरून चिकटवतो, देव बाहेरूनही बघतो. दर्ग्याचं तावीज त्याच पिशवीत, शेजारच्या पेटीला, आणि येशूचं छोटं चित्र असलं तर तेही. चोरून लावणं थांबलं. उलट त्या आज्याच दुसऱ्यांना दारात अडवायच्या, हात धुतले का म्हणून.

हे सगळं कशासाठी, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे हॉस्पिटलात भरती झालेल्या १०० पेशंटपैकी श्रीमंत देशांत ७ जणांना आणि आपल्यासारख्या देशांत १५ जणांना तिथेच नवीन इन्फेक्शन होतं, आणि असं इन्फेक्शन झालेल्या दर दहातला एक जण दगावतो. ती माणसं सगळ्या धर्माची असतात.

म्हणून माझी आपल्या वृत्तपत्राद्वारे हॉस्पिटल चालवणाऱ्यांना, मेडिकल आणि नर्सिंग कॉलेजांना कळकळीची विनंती आहे. हाताचा नियम ॲडमिशनच्या वेळीच लेखी द्या, कारणासकट, म्हणजे मुलगी चौथ्या वर्षाला थिएटरच्या दारात पोचल्यावर अचानक भांडण नको. स्क्रबच्या जागी बायकांसाठी आडोसा करा, हूड आणि एकदाच वापरायच्या बाह्या स्टोअरच्या यादीत घाला, चेंजिंग रूममध्ये प्रत्येकीला बांगड्या आणि मंगळसूत्र ठेवायला कुलपाचा छोटा कप्पा द्या, कारण बऱ्याच जणी चोरीच्या भीतीने काढत नाहीत, धर्माचं नाव नंतर पुढे येतं. पटत नसेल त्याला नोटीस काढायच्या आधी त्याच्या धर्मातला मान असलेला माणूस बोलवा, पुजारी, मौलाना, ग्रंथीजी, फादर, कोणीही. आणि तरीही कोणी कोपरापर्यंत हात धुवायला नकार दिला तर त्याला पेशंटला हात लावू देऊ नका, मग तो कोणाचाही असो. तपासणी कराल तेव्हा मात्र पहिल्या दिवशी विभागप्रमुखांचे हात बघा, त्यांच्या अंगठ्या काढून कप्प्यात ठेवायला लावा, मावशींकडे त्यानंतर जा.

आपली,
एक निवृत्त इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर, सोलापूर