मारवा, गोल्डबर्ग आणि रविवारची बैठक

लाइपझिग, 12 जून

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आईच्या कुरड्याही पोचल्या, एकही मोडली नाही, तिला सांगा. रविवारच्या बैठकीचा वृत्तांत मी सावकाश वाचला. मे महिन्याच्या नागपुरात कूलर बंद करून, घामाघूम होत किशोरीताई आमोणकरांचा भूप राग ऐकणारी तुम्ही मंडळी मला इथून स्पष्ट दिसता. विलंबितात कूलरची घरघर नको, हा तुमचा नियम बर्डीच्या काकांना अजून पटत नाही, हे वाचून बरं वाटलं. घर आहे तसंच आहे म्हणायचं.

"सध्या काय ऐकून राहिली?" असं तुम्ही विचारलंत. सध्या मारवा, आपला संध्याकाळचा राग. दुसरं फार काही नाही.

त्याला इथला उजेड कारणीभूत आहे. आपल्याकडे जूनमध्ये सातच्या सुमारास सूर्य बुडतो आणि अर्ध्या तासात अंधार पडतो. मारव्याची वेळ हातात येते न येते तोच निघून जाते. इथे या दिवसांत सूर्यास्त साडेनऊच्या आसपास होतो आणि पुढेही बराच वेळ आभाळ विझत नाही. अमीर खाँसाहेबांचा 'पिया मोरे अनत देस' लावला, की झुमरा तालाची ती संथ आवर्तनं आणि बाहेरचा तो लांबलेला संधिप्रकाश यांचा मेळ बसतो. डिसेंबरात मात्र चारलाच सूर्य मावळतो. तेव्हा ऑफिसातून निघतानाच मारव्याची वेळ झालेली असते.

बाबा, त्या ध्वनिमुद्रिकेत खाँसाहेब कोमल रिषभावर थांबतात ती जागा तुम्ही मला लहानपणी बोट वर करून दाखवायचात. तेव्हा मला काही कळत नव्हतं. आता कळतं, की ते षड्ज, म्हणजे मूळ सा, टाळत असतात. रिषभ, धैवत, पुन्हा रिषभ, तीव्र मध्यमाला स्पर्श करून परत. पंचम तर रागातच नाही, त्यामुळे टेकायला मध्येही जागा नाही. तानपुरा मागे सतत षड्ज सांगत असतो आणि गळा त्याच्या अवतीभोवती फिरत राहतो. मग कधीतरी षड्ज लागतो तेव्हा अंगावर काटा येतो. मोबाइलवरच्या प्रतीत आपल्या तबकडीवरचा ओरखडा नाही. द्रुत सुरू व्हायच्या थोडं आधी 'टक्' व्हायचं ना, तिथे माझा कान अजून थबकतो.

इथेही आमचा चार जणांचा कट्टा जमला आहे. खालच्या मजल्यावरच्या आजी उमेदीच्या काळात चर्चच्या गायनवृंदात गायच्या. त्यांच्याकडे गुरुवारी जमतो. प्रत्येकाने एक ध्वनिमुद्रण आणायचं, आधी काही सांगायचं नाही, ऐकून झाल्यावर बोलायचं. मी मारवा नेला. चेलो वाजवणाऱ्या एकाने पहिला प्रश्न विचारला, की हे गवई मूळ स्वरावर येऊन थांबत का नाहीत? माझं उत्तर होईपर्यंत आजींनी तानपुऱ्याचा षड्ज हलकेच गुणगुणायला सुरुवात केली होती. राग त्यांना कोणी समजावला नव्हता, फक्त कान तयार होता.

आता त्यांनी मला काय ऐकवलं ते सांगते, कारण मला त्यावर तुमच्याशी भांडायचं आहे.

जर्मन संगीतकार बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'. बाख 1723 पासून 1750 मध्ये जाईपर्यंत याच गावात होता, सेंट थॉमस चर्चमध्ये संगीताची जबाबदारी सांभाळत. आज त्याची समाधीही तिथेच आहे. ही रचना 1741 मध्ये छापली गेली. आधी एक साधी सुरावट, मग तिच्याच पायावर रचलेले तीस तुकडे, आणि शेवटी तीच सुरावट पुन्हा. कॅनडाच्या ग्लेन गूल्डने ती पियानोवर दोनदा ध्वनिमुद्रित केली, 1955 मध्ये आणि 1981 मध्ये, न्यूयॉर्कमधल्या एकाच स्टुडिओत. पहिल्या वेळी तो 22 वर्षांचा होता आणि सगळं सुमारे 38 मिनिटांत संपवतो. दुसऱ्या वेळी 51 मिनिटं लागतात. हा फरक नुसता लयीचा नाही. दुसऱ्या वेळी त्याने तुकड्यांच्या लयी एकमेकींशी नात्यात बांधल्या आहेत. आपण ठायीतून दुगुनीत जातो तेव्हा मूळ लय आत चालूच असते ना, तसं इथे आतून काहीतरी अखंड चालू राहतं. सुरुवातीची सुरावट तर इतकी सावकाश, की प्रत्येक स्वर पुरता विरेपर्यंत ऐकावा. 1982 मध्ये हे ध्वनिमुद्रण बाहेर आलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गूल्ड गेला.

वाजवताना तो गुणगुणतो, तेही ऐकू येतं. खुर्चीची करकरही. ही खुर्ची त्याच्या वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेली होती आणि तो जगभर तीच घेऊन फिरायचा. मला हे फार आवडलं, बाबा.

भांडण असं. मैफल ती मैफल, ध्वनिमुद्रिका ही तिची सावली, असं तुम्ही म्हणता. गूल्डने 1964 मध्ये मैफली कायमच्या सोडल्या आणि पुढे फक्त ध्वनिमुद्रणं केली. त्याच्यासाठी तेच खरं काम होतं. आपल्याकडेही अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत 'पिया बिन नाही आवत चैन' असं बसवलं, की त्यात एक स्वर जास्त नाही, एक कमी नाही. त्याला सावली कसं म्हणायचं? मैफलीत एकदा ऐकलेली जागा आठवणीत बदलत जाते. ध्वनिमुद्रिका तीच राहते आणि आपण बदलतो, म्हणून मला त्या रिषभाचा अर्थ आत्ता कळला.

तेव्हा एका रविवारी एवढं करा. आधी गूल्डची दोन्ही ध्वनिमुद्रणं, पूर्ण नको, फक्त सुरुवातीची सुरावट. मग अमीर खाँसाहेबांचा मारवा आणि लगेच वसंतराव देशपांड्यांचा. वसंतराव नागपुरात सप्रे गुरुजींकडे शिकले आणि मारवा त्यांना लाहोरला असद अली खाँसाहेबांकडून मिळाला, हे तुमच्या मंडळींना सांगायला नको. पण लागोपाठ ऐकून बघा. एकजण रिषभावर बसून राहतो, दुसरा त्याच स्वरांवर झडप घालतो. राग एकच. माझा कल अमीर खाँसाहेबांकडे आहे, तुमचा वसंतरावांकडे असणार हे मला ठाऊक आहे.

आणि वसंतरावांची ती रेडिओवरून उतरवलेली कॅसेट आता आणखी थांबवू नका. पावसाळा तोंडावर आहे. आधी तिच्या काचेतून फितीवर पांढरी बुरशी दिसते का ते पाहा. दिसली तर टेपरेकॉर्डरमध्ये अजिबात घालू नका, ती हेडला चिकटते आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागते. नसेल तर एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, म्हणजे फीत सैल होईल. फितीमागचा नमद्याचा छोटा तुकडा जागेवर आहे ना, तेही बघा. तो पडलेला असेल तर आवाज घुसमटतो आणि आपल्याला वाटतं कॅसेटच गेली. दादाला संगणकावर घ्यायला सांगा, एमपीथ्री नको, वेव्ह फाइल करा. खरखर काढायच्या नादाला लागू नका, तानपुराही त्याबरोबर जातो. आणि मूळ कॅसेट टाकू नका.

फाइल झाली की मला पाठवा, गुरुवारी इथे लावते. काका गूल्डबद्दल काय म्हणाले ते शब्दशः लिहा.

आईस सा. न., पिल्लूला गोड पापा.

तुमची
मनू