वाचन लांबवा, निबंध आखूड करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयात येणाऱ्या मुलांना धड वाचता-लिहिता येत नाही, अशी ओरड नेहमीच होते आणि मोबाइलला दोष देऊन सगळे मोकळे होतात. मोबाइलचा वाटा असेलही. पण शाळेत जे वाचून-लिहून घेतले जाते त्याचा पुढच्या शिक्षणाशी मेळच बसत नाही, हे दुखणे मोबाइलच्या आधीपासूनचे आहे. शाळेतला उतारा पानभर, प्रश्न त्याखालीच छापलेले आणि उत्तर उताऱ्यातल्या एखाद्या वाक्यात आयते बसलेले. मुले आधी प्रश्न वाचतात, त्यातला शब्द उताऱ्यात शोधतात आणि ते वाक्य उतरवून काढतात. अख्खा उतारा न वाचताही पैकीच्या पैकी गुण मिळू शकतात. निबंधात तर वाचायचे काहीच नसते, नुसती दोन-तीन पाने भरायची असतात. महाविद्यालयात हे गणित उलटते: वीस-पंचवीस पाने वाचा आणि त्यांवर दीड-दोन पाने लिहा. म्हणून नववीपासूनच वाचन लांबवावे आणि निबंध आखूड करावा, अशी आमची सूचना आहे.

आठवड्याला एकच लेख पुरे. नववीत पाच-सहा पानांचा, बारावीपर्यंत वीस पानांचा. पण तो तीनदा वाचायचा. पहिल्या खेपेला दहा मिनिटे: शीर्षक, पहिले दोन परिच्छेद, उपशीर्षके, शेवटचा परिच्छेद. एवढ्यावरून लेखक कोणत्या प्रश्नाला उत्तर देतो आहे, ते एका ओळीत लिहायचे. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. चुकलेला अंदाज दुरुस्त करण्यासाठी पुढचे वाचन आपोआप लक्ष देऊन होते. दुसऱ्या खेपेला हातात पेन्सिल आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात चार-पाच शब्द. तिसरी खेप फक्त अडलेल्या जागांसाठी. शब्दकोशही याच वेळी उघडावा. प्रत्येक अनोळखी शब्दाला थांबणारा मुलगा पान संपेपर्यंत वरचा मुद्दा विसरलेला असतो.

समासात काय लिहायचे, हीच खरी गोम आहे. हा परिच्छेद पाहा: ‘शहरात झाडे लावली की उष्मा कमी होतो, असे सर्रास मानले जाते. सावलीमुळे आणि पानांतून बाहेर पडणाऱ्या वाफेमुळे ते बऱ्याच अंशी खरेही आहे. मात्र जमिनीत पाणीच नसेल, तर झाड आपली पर्णरंध्रे मिटून घेते आणि वाफेमुळे मिळणारा गारवा बराच घटतो.’ मुलांची पेन्सिल हमखास पहिल्या वाक्याखाली फिरते, कारण मुख्य मुद्दा पहिल्या वाक्यात असतो असे त्यांच्या मनावर ठसवलेले असते. मग सारांशात येते, ‘लेखकाच्या मते झाडांमुळे उष्मा कमी होतो.’ लेखकाला म्हणायचे आहे ते ‘मात्र’च्या पुढे, आणि तेच नेमके सुटले. दुसऱ्याचे मत लेखकाच्या तोंडी घालण्याची ही चूक पुढे अख्खा निबंध बिघडवते. त्यावर उपाय साधा आहे. ‘मात्र’, ‘तरीही’, ‘असे मानले जाते’, ‘खरे असले तरी’ अशा शब्दांभोवती गोल करायला लावावा आणि समासात वाक्य काय सांगते ते न लिहिता ते कोणते काम करते ते लिहायला लावावे. वरच्या तीन वाक्यांसमोर अनुक्रमे ‘प्रचलित मत’, ‘मान्य’, ‘मर्यादा’ एवढे पुरते. रेघ मारायचीच असेल तर दुसऱ्या खेपेला आणि परिच्छेदात एकच. सगळे पान पिवळे झाले म्हणजे निवड झालीच नाही.

त्यानंतर लेख मिटून पाच ओळींचा सारांश. ‘पुन्हा एकदा वाचून काढतो’ म्हणणाऱ्यांनी रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग ध्यानात घ्यावा. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. फेरवाचनाने आलेली ओळख हीच समज वाटते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ती खरी भासते.

आता निबंध. ‘मोबाइल : शाप की वरदान’ या विषयाचा शेवट लिहायला बसण्याआधीच सगळ्यांना पाठ असतो: ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे! विषयाऐवजी प्रश्न द्यावा, सोबत परस्परविरोधी सूर असलेले दोन छोटे लेख द्यावेत आणि सहाशे शब्दांची मर्यादा घालावी. प्रश्न असा: वर्गात मोबाइलला बंदी असावी का? पहिल्या दिवशी फक्त मुख्य विधानाचे एक वाक्य मागावे. ‘मोबाइलचे फायदे आहेत तसेच तोटेही आहेत’ हे चालणार नाही, कारण त्याला ‘नाही’ म्हणणारा कोणी भेटणार नाही. ‘बंदी चुकीची आहे’ यावर वाद घालता येतो, पण कारणाचा पत्ता नाही. ‘बंदीने तासातले लक्ष वाढत असले, तरी घरी संगणक नसलेल्या मुलांचे संदर्भ शोधण्याचे साधन जाते, म्हणून बंदी तासापुरतीच असावी’ हे वाक्य मात्र कामाचे. यातच परिच्छेदांचा क्रम ठरून जातो: आधी विरोधी बाजूतले मान्य करायचे, मग नुकसान दाखवायचे, शेवटी तोडगा.

प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप हा साचा दहावीपर्यंत कुबडी म्हणून ठीक. पुढे तो पायात येतो. त्याची परीक्षा सोपी आहे. दुसरा आणि तिसरा परिच्छेद अदलाबदल करून वाचा. काहीच बिघडले नाही, तर ती मुद्द्यांची यादी आहे, युक्तिवाद नव्हे. (‘निबंध’ या शब्दातच बांधणी आहे. फ्रेंच लेखक माँतेनने 1580 साली आपल्या लेखनाला दिलेल्या ‘एसे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ मात्र ‘प्रयत्न’ असा होतो. शाळेत बहुधा यांतले एकही घडत नाही.)

उद्धरणांचा घोळ वेगळा. अवतरण चिन्हात वाक्य टाकले की पुरावा झाला, अशी समजूत असते. उद्धरणाआधी ते कोणाचे आणि कशाबद्दलचे, हे आले पाहिजे. नंतर त्यातून आपला मुद्दा कसा सिद्ध होतो, याची निदान दोन वाक्ये हवीत. परिच्छेद उद्धरणाने संपला, तर काम अर्धवट राहिले असे समजावे. नकळत होणारी उचलेगिरी वहीतच सुरू होते. लेखकाचे शब्द आणि स्वतःचे विचार एकाच रांगेत टिपले की महिन्याने कोणते कोणाचे हे कळत नाही. वहीच्या पानाचे उभे दोन भाग करावेत: डावीकडे लेखकाचे म्हणणे पान क्रमांकासह, उजवीकडे आपले. मूळ वाक्य समोर ठेवून एकेक शब्द बदलणे म्हणजे ‘स्वतःच्या शब्दांत’ नव्हे. वाक्याची चाल तीच राहते. मूळ लेख झाकून लिहावे, मग ताडून पाहावे.

कच्चा मसुदा झाला की निदान एक दिवस तो बाजूला ठेवावा. नंतर प्रत्येक परिच्छेदाशेजारी त्याचा मुद्दा एका वाक्यात लिहून फक्त ती वाक्ये सलग वाचावीत. दोन वाक्ये सारखी निघाली तर ते परिच्छेद एकत्र करावेत. एखाद्यासमोर वाक्य सुचतच नसेल तर तो काढून टाकावा, कितीही सुंदर असला तरी. शुद्धलेखन सर्वांत शेवटी. उद्या खोडायच्या परिच्छेदातल्या वेलांट्या आज दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

हे सगळे तपासायचे कोणी, हा शिक्षकांचा सवाल रास्त आहे. चाळीस मुलांचा निबंध प्रत्येकी पंधरा मिनिटे तपासला तर दहा तास जातात, आणि लाल शाईने भरलेली वही मुले गुण बघून मिटतात. म्हणून सत्रात सहा निबंधांऐवजी दोनच घ्यावेत, पण प्रत्येक तीनदा लिहून घ्यावा. पहिल्या फेरीत फक्त मुख्य विधान पाहायचे: दोन मिनिटांच्या हिशेबाने ऐंशी मिनिटे. दुसऱ्या फेरीत शेजाऱ्याकडून परिच्छेदांची वाक्ये लिहून घ्यायची. मुलाला जे म्हणायचे होते ते आणि शेजाऱ्याला जे कळले ते यांतला फरक त्यालाच दिसतो. गुण तिसऱ्या फेरीलाच. आयता उतरवलेला किंवा यंत्राकडून लिहून घेतलेला निबंध पकडायलाही हीच पद्धत उपयोगी पडते: पहिल्या दोन फेऱ्यांचे कागद मागायचे आणि तिसरा परिच्छेद चौथ्याच्या आधी का, एवढेच विचारायचे.

आपले,
उच्च माध्यमिक वर्गांचे काही भाषाशिक्षक