सुइलव्हेन डोंगराच्या पायथ्याशी मदतीला धावून आलेल्यांना

स्कॉटलंडच्या वायव्येला असिंट भागात ब्राउन ट्राउटच्या मासेमारीला गेलो होतो. तिथे ज्यांनी मदत केली त्यांनी नावं सांगितली नाहीत, मीही खोदून विचारलं नाही. म्हणून हे जाहीर आभार.

लॉखिनव्हरला परमिट देणाऱ्या बाईंनी माझी मोठाली, रंगीबेरंगी आमिषं बघून मान हलवली आणि ड्रॉवरमधून तीन बारक्या काळ्या माश्या (गळाला लावायच्या, माशीसारख्या दिसणाऱ्या खोट्या) काढून दिल्या. पैसे घ्यायला साफ नकार! इथलं पाणी पीटमुळे (दलदलीत साठलेल्या अर्धवट कुजलेल्या झाडपाल्यामुळे) चहासारखं तांबूस आणि आम्लधर्मी, त्यात खाद्य कमी. मासा पावशेराचा झाला तरी चांगला म्हणायचा, हे त्यांनीच समजावलं.

फिओन लॉख या तळ्याच्या वाटेवर भेटलेल्या आजोबांनी पाण्यात उतरूच दिलं नाही. "मासा काठालाच असतो, तू आत गेलास की तो पळणार." वारा पाठीशी घेऊन, दोन पावलं मागे उभं राहून गळ टाकायला लावला. पहिला ट्राउट अगदी काठच्या दगडापाशी लागला. अंगावर तांबडे ठिपके, त्यांभोवती फिकट कडं. सोडून दिला. (मालवणला आई अजून बोलणी देतेय!)

दलदलीत मांडीपर्यंत रुतलो तेव्हा बॅगेचा पट्टा पुढे करून ओढून काढणारं जोडपं, तुमचेही मनापासून आभार.

वारा पडल्यावर मिज चिलटांनी तोंड फोडून काढलं, तेव्हा स्वतःची जाळीची टोपी देऊन गेलेल्या ताई, ती धुऊन परमिटवाल्या बाईंकडे ठेवली आहे. हंगाम 6 ऑक्टोबरला संपतो, त्याआधी घेऊन जा.