आईच्या हाडांच्या तपासणीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "हात तर बरा झाला, आता एवढे पैसे घालून हाडांची तपासणी कशाला?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

हात बरा झाला हे खरे, परंतु अंगणात नुसता पाय घसरून मनगट मोडावे, याचा अर्थ हाडे ठिसूळ झाली असण्याची शक्यता आहे, असे प्लास्टर काढताना डॉक्टरांनी सांगितले होते आणि डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, लिहूनही दिली होती. दिवाळीत मी आणखी एक पाहिले. ज्या फळीवरचा चकलीचा डबा आई टाचा उंचावून सहज काढत असे, त्यासाठी तिने या वेळी पाट घेतला. उंची कमी होणे हेही मणके ठिसूळ होऊन खचल्याचे लक्षण असू शकते, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे.

आई, यात सुई नाही आणि त्या बोगद्यासारख्या यंत्रातही जायचे नाही. दहा-पंधरा मिनिटे टेबलावर स्वस्थ निजायचे, कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता मोजली जाते. क्ष-किरण छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी लागतात. टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेतला घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली आला, तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार, समजून औषध सुरू करता येते. शिबिरात टाचेला यंत्र लावून "नॉर्मल" सांगितले होते, त्यावर विसंबू नये. निदानासाठी डेक्साच लागते.

आता खर्चाचे. मी चौकशी केलेल्या केंद्रात २,८०० रुपये सांगितले. बाबांचे आयुष्मान कार्ड इस्पितळात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, इथे ते चालणार नाही. मात्र तुम्ही दोघे साठीपुढचे आहात आणि तुमच्यासाठी हप्ता भरून घेतलेला आरोग्य विमा नाही, त्यामुळे आयकराच्या जुन्या पद्धतीत तुमच्या औषधपाण्यावर मी केलेला खर्च, वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत, माझ्या उत्पन्नातून वजा होतो. तो रोखीने केलेला चालत नाही, म्हणून पैसे माझ्या खात्यातूनच जातील; बाबांनी पेन्शनमधून काढू नयेत, ही विनंती. खुबा मोडला तर होणारे हाल मी शेजारच्या काकूंचे पाहिले आहेत.

बाबा दम्यासाठी वर्षानुवर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या घेत आले आहेत आणि त्यानेही हाडे झिजतात, तेव्हा त्यांच्याही तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारू.

शनिवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. शुक्रवारपासून आईने कॅल्शियमची गोळी घेऊ नये, आणि देवघराच्या खणातली डॉक्टरांची चिठ्ठी आठवणीने काढून ठेवावी. मी शुक्रवारी रात्रीच पोहोचते.

तुमची,
लेक