हाफ-हल किटमधील चुकीचा नकाशा आणि ओले सागवान: भरपाई व दुरुस्तीची मागणी

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
मॉडेल व हस्तकला साहित्य विक्री विभाग

विषय: शिडाच्या होडीच्या हाफ-हल किटमधील नकाशाचे प्रमाण चुकीचे असणे, 'भट्टीत सुकवलेले सागवान' म्हणून ओले व रंगवलेले लाकूड पाठवणे आणि त्यावर आलेले उत्तर.

महोदय,

मी आरमोरी तालुक्यात, जिल्हा गडचिरोली येथे राहतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचा निदेशक म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. निवृत्तीनंतर मी होड्यांची हाफ-हल मॉडेल्स, म्हणजे फळ्यांचे थर चिकटवून कोरलेले होडीचे उभे अर्धे अंग, करायला घेतली. डिसेंबरमध्ये तुमच्या संकेतस्थळावरून एक किट मागवले. किंमत ६,८५० रुपये, शिवाय पोचवण्याचे ३४० रुपये. आमच्या गावात कुरिअर येत नाही, म्हणून खोका देसाईगंजहून स्वतः आणला. बिल, फोटो आणि आपला झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे.

आधी लाकडाविषयी. तुमच्या जाहिरातीत आणि खोक्यावरही लिहिले आहे: 'अस्सल सागवान, भट्टीत सुकवलेले, ओलावा १० ते १२ टक्के.' खोका उघडताच फळ्या हाताला जड आणि गार लागल्या. ओलावा काढायला यंत्र लागतेच असे नाही. फळीच्या टोकापासून थोडे आत जाऊन तुकडा कापायचा, त्याचे वजन करायचे, १०३ अंश सेल्सिअसला तो वाळवत राहायचा आणि वजन उतरायचे थांबले की पुन्हा तोलायचा. जेवढे वजन घटले त्याला कोरड्या वजनाने भागायचे. वर्गात मी पोरांकडून हे करून घेत असे. तुमच्या फळीचा ५० ग्रॅमचा तुकडा ४२ ग्रॅमवर येऊन थांबला. म्हणजे ओलावा १९ टक्के.

कामानुसार आणि प्रदेशानुसार लाकडात किती ओलावा चालतो हे ठरलेले आहे. भारतीय मानक ब्युरोचे आयएस २८७ त्यासाठीच आहे आणि त्यात हवेतल्या दमटपणावरून देशाचे चार विभाग पाडले आहेत. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा अगदी कोरडी होते. १९ टक्के ओलाव्याची फळी त्या हवेत आकसणारच. लांबीत लाकूड जवळपास आकसत नाही, पण वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते गाभ्याकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसते, म्हणून पाटासारखी चिरलेली फळी वाटीसारखी वळते. अशा फळ्यांचे थर चिकटवले तर उन्हाळ्यात सांधा उघडतो आणि होडीच्या अंगावर रेघ पडते.

दोन फळ्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. स्पिरिटचा बोळा फिरवला तर तपकिरी रंग कापडावर उतरला. खाली पांढरट रसकाठ, म्हणजे खोडाच्या बाहेरच्या थराचे कच्चे लाकूड, निघाले. सागाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो, रसकाठाला घुण लागते. रंग लावून ते गाभ्यासारखे दाखवणे ही नजरचूक नाही. आलापल्लीचे सागवान आमच्याच जिल्ह्यातले. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये इथल्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले सागवान बल्लारशाहून गेले. इथल्या माणसाला साग ओळखायला खोक्यावरची चिठ्ठी लागत नाही. गावातले एक वयस्क सुतार फळीला नुसता हात लावून म्हणाले, "वलं हाये जी हे, गुरुजी. हे काय कामाचं?"

हे सगळे मी फोटो आणि वजनांसह तुम्हाला लगेच कळवले. उत्तर आले: 'लाकूड नैसर्गिक असल्याने थोडा फरक असतो. उत्पादन शोभेचे आहे.' तुमच्या या शेवटच्या वाक्यावर मी पुढे लिहिणार आहे.

आता नकाशा. तक्रारीचे खरे कारण हेच आहे. लाकूड मी बदलू शकतो, नकाशा बदलू शकत नाही.

किटमध्ये तीन नकाशे आहेत. एक बाजूने दिसणारा, एक वरून दिसणारा अर्ध्या रुंदीचा आणि एक आडव्या छेदांचा. तिन्हींवर १:२४ असे प्रमाण छापले आहे. मूळ होडी १२ मीटर लांब धरली आहे, म्हणजे कागदावर ५०० मिलिमीटर. बाजूच्या नकाशात तेवढीच भरते. पण अर्ध्या रुंदीच्या नकाशात तीच होडी ४७० मिलिमीटर आहे. रुंदी ७५ ऐवजी ७०.५ मिलिमीटर. म्हणजे हा एक नकाशा ९४ टक्क्यांवर छापला गेला आहे. बहुधा छापताना पानात बसवण्यासाठी तो आपोआप लहान झाला आणि पुढे कोणी पट्टी लावून पाहिली नाही. नकाशावर मोजपट्टीची रेघही नाही. ती असती तर घेणाऱ्याला निदान पडताळता आले असते. छेदांचे साचे मात्र पूर्ण मापाचे आहेत.

परिणाम काय, ते सांगतो. थर कापायचे अर्ध्या रुंदीच्या नकाशावरून आणि तासताना तपासायचे छेदांच्या साच्यांनी. साडेचार मिलिमीटर कमी पडलेल्या लाकडावर साचा बसणार कसा? कितीही तासा, कितीही काचपेपर मारा, लाकूड वाढत नाही. १:२४ ने गुणले तर खऱ्या होडीत एका बाजूला १०८ मिलिमीटर कमी. दोन्ही बाजू धरून होडी २१६ मिलिमीटर अरुंद आणि ७२० मिलिमीटर आखूड. ती होडीच निराळी झाली.

ही चूक आधी माझ्या लक्षात आली नाही, कारण माझ्या फळ्या सावलीत पट्ट्या घालून सुकत होत्या आणि नकाशे गुंडाळलेलेच होते. ती एका मुलाच्या कामात उघडी पडली. तो आमच्याच गावातल्या ढिवर घरातला आहे. वैनगंगेत मासे धरणे हा त्यांचा पिढीजात धंदा. मला हे काम करताना पाहून तोही माझ्याकडे यायला लागला. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून मिळालेल्या पैशांतून त्याने तुमचेच किट मागवले. तुमच्या फळ्या बाजूला ठेवून त्याने घरच्या शिवणीच्या वाळलेल्या फळ्या घेतल्या. शिवणीचे लाकूड हलके असते, वळत नाही, पटाशीला गोड लागते. निवड अगदी बरोबर होती. कापणीही सफाईदार होती. थर चिकटवले, रंधा मारला आणि साचे लावायला बसला. एकही साचा बसेना. त्याला वाटले आपलाच हात चुकतो. तो कानस घेऊन घासत राहिला आणि शेवटी होडीच्या पोटाला खळगा पडला. मग मान खाली घालून ते माझ्यासमोर ठेवले. मी त्याच्या नकाशावर पट्टी ठेवली, मग माझा नकाशा उलगडून त्यावर ठेवली. दोन्ही सारखेच चुकलेले.

त्या पोराचा हात उत्तम आहे. तुमच्या कागदाने त्याला तो वाईट आहे असे सांगितले. हे मला सहन झाले नाही.

नकाशाबद्दल लिहिल्यावरही तुम्ही तेच उत्तर पाठवले. उत्पादन शोभेचे आहे, भिंतीवर लावल्यावर फरक दिसत नाही. हाफ-हल म्हणजे काय, हे तुमच्या कंपनीत कोणालातरी नीट माहीत असावे अशी अपेक्षा आहे, म्हणून लिहितो.

होडीच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, म्हणून पूर्वीचे जहाज बांधणारे उभे अर्धेच अंग कोरत. नकाशा काढायच्या आधी होडीचा आकार या लाकडात ठरत असे. पुढे हे अर्धे अंग आडव्या थरांचे करून खुंट्यांनी जोडण्याची पद्धत आली. तिचे श्रेय अमेरिकेतल्या न्यूबरीपोर्टच्या ऑरलँडो मेरिल यांना देतात, साल १७९४. थर सुटे केले की प्रत्येकाची कड कागदावर उतरवायची, मापाने वाढवायची आणि लाकडी जमिनीवर पूर्ण आकारात आखायची. त्या आखणीवरून जहाजाचे वासे कापले जात. मॉडेलमध्ये केसभर फरक राहिला तर तो जहाजात कित्येक पट होऊन यायचा. ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टल गावात नथॅनिएल हेरेशॉफ यांनी शर्यतीच्या नौकांचे आकार अशाच लाकडी अर्ध्या अंगांतून घडवले. भिंतीवर टांगायची पद्धत नंतरची. आधी हे मापाचे साधन होते, आणि म्हणूनच भिंतीवरही ते सुंदर दिसते.

जहाजबांधणी आपल्याही राज्यातली आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानाची जहाजे बांधली. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतहून मुंबईला आले. १८१७ मध्ये तिथे बांधलेली ट्रिंकोमाली ही फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका, आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर तरंगते आहे. तिचे हाफ-हल एक दिवस इथल्या सागवानात करायचे मी ठरवले आहे. तुमचे किट त्याआधी हात बसावा म्हणून घेतले होते.

आणि एक काम त्याहून जवळचे आहे. वैनगंगेवर आणि इथल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर एकाच खोडातून कोरलेले डोंगे चालत आले. आमच्या भागात आता ते कमी दिसतात. जुना डोंगा काठावर पडतो, कुजतो आणि त्याचा आकार त्याच्याबरोबर जातो. तो मुलगा आणि मी त्यांची मापे घेऊन मॉडेल करून ठेवणार आहोत. डोंगा झाडाच्या कलाने जातो, त्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून एक अर्धे पुरणार नाही, दोन्ही बाजू वेगळ्या कोराव्या लागतील. हे कामच मापाचे आहे. मापावर विश्वास बसायच्या आधीच शिकणाऱ्याचा तो उडाला तर हे काम होणार नाही. म्हणून 'शोभेचे उत्पादन' हे उत्तर मी स्वीकारत नाही.

किट परत करण्याबाबत तुम्ही लिहिले की खोका उघडल्यामुळे परतावा मिळणार नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. ओले लाकूड खोका न उघडता कसे कळावे? त्याच नियमांत तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क ठळक दाखवणे, ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिनाभरात निवारण करणे सांगितले आहे. तुमच्या संकेतस्थळावर अधिकाऱ्याचे नाव सापडत नाही. मला आलेली उत्तरे बिननावाची आहेत.

माझ्या मागण्या अशा आहेत. माझ्या आणि त्या मुलाच्या किटची पूर्ण किंमत पोचवणावळीसह परत करावी आणि माल तुमच्या खर्चाने उचलून न्यावा. त्याच्या बिलाची प्रत त्याच्या संमतीने जोडली आहे. अर्ध्या रुंदीचा नकाशा योग्य प्रमाणात, मोजपट्टीच्या रेघेसह पुन्हा छापून हे किट घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला विनामूल्य पाठवावा. यादी तुमच्याकडेच आहे. कितीजण आज आपलाच हात चुकला असे समजून बसले असतील, याचा विचार करा. 'भट्टीत सुकवलेले' आणि 'अस्सल सागवान' हे शब्द खरे ठरेपर्यंत जाहिरातीतून काढावेत. आणि त्या मुलाच्या नावे एक चिठ्ठी पाठवावी की चूक नकाशाची होती. पैशांपेक्षा या चिठ्ठीची मला जास्त गरज आहे. मी त्याला दहादा सांगितले, पण कंपनीच्या कागदावर छापलेले खोटे कसे असेल, असे तो मलाच विचारतो.

हे पत्र मिळाल्यापासून महिनाभरात लेखी उत्तर द्यावे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते आणि या रकमेसाठी शुल्क लागत नाही, त्यामुळे तुमच्या शहरात येण्याची मला गरज पडणार नाही. फळ्या, वाळवलेला तुकडा आणि दोन्ही नकाशे जपून ठेवले आहेत. तुमचा माणूस येऊन स्वतःच्या पट्टीने मोजू शकतो.

आपला,
(सही)
सेवानिवृत्त निदेशक, सुतारकाम
ता. आरमोरी, जि. गडचिरोली

सोबत: दोन्ही किटची बिले, वजनाच्या नोंदी, फळ्या व नकाशांचे पट्टी ठेवून काढलेले फोटो, पत्रव्यवहाराच्या प्रती.